राजवर्धनच्या पोटऱ्या

क्रांती आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आली ते साल दोन हजार तीन. तेवीस वर्षांची होती. माहेर खानापूर तालुक्यातलं, वडील प्राथमिक शिक्षक. सासर आमच्याच गावात, कराड-विटा रस्त्याच्या कडेला, ऊस असलेल्या फौजी घरात. नवरा जयराज सैन्यात, तेव्हा आसामकडं कुठंतरी होता. सासू आधीच वारलेली. घरात सासरे आप्पासो आणि सहा महिन्यांची लेक पल्लवी. मी त्या शाळेत मराठी शिकवत होते. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्या वीस वर्षं तशाच राहिल्या. म्हणून तिचं जे काही सांगते आहे ते बहुतेक तिच्याच तोंडून ऐकलेलं, थोडं डोळ्यांनी पाहिलेलं.

शिकवायची फार छान. आमच्या चित्रकलेच्या सरांपेक्षा तिच्या आकृत्या सुबक असायच्या. नववीला शरीरातल्या ऊती शिकवायची वेळ आली की ती घरून रंगीत खडूंचा डबा आणायची. "ऊती म्हणजे काय रे? एकाच कामाला लागलेल्या पेशींची भावकी," असं म्हणून सुरुवात करायची. मग फळ्याचे चार भाग. कातडी आणि आतड्याचं अस्तर ती अभिस्तर ऊती. हाडं, रक्त, चरबी ही संयोजी. मांस म्हणतो ती स्नायू ऊती. मेंदू आणि मज्जातंतूंची ती चेता ऊती. "एक झाकते, एक जोडते, एक हलवते, एक कळवते. एवढं लक्षात ठेवा, बाकी आपोआप येईल." पोरं खरंच विसरायची नाहीत. दहा वर्षांनी बाजारात भेटलेला एखादा मुलगासुद्धा तिला ते चार शब्द म्हणून दाखवायचा.

पल्लवीनंतर दोन वर्षांनी राजवर्धन झाला. घरात आनंद झाला तो सगळ्यात जास्त आप्पासोंना. आप्पासो सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, त्याआधी तालमीतले. त्यांचा मुलगा फौजेत, आता नातूही फौजेत जाणार हे त्यांनी बारशालाच ठरवून टाकलं होतं. आणि पोराचे पाय होतेच तसे. तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या पोटऱ्या अशा भरल्या की बघणारा हात लावून बघायचा. दगडासारख्या घट्ट. आप्पासो त्याला पारावर घेऊन जायचे आणि विजार वर करून दाखवायचे.

"बगा गड्या, पैलवान हाय का न्हाई? अजून शाळंत बी न्हाई गेला."

क्रांतीलाही ते आवडायचं. हे ती नंतर पुन्हा पुन्हा सांगायची. "ताई, मी त्याला अंघोळ घालताना पोटऱ्या मुद्दाम चोळायचे. मला वाटायचं, माझ्या पोटी कसला पोरगा आला."

पोरगा चालायला उशिरा लागला होता. पाचव्या वर्षी पळताना पडायचा. चवड्यांवर चालायचा. जमिनीवरून उठताना आधी ओणवा व्हायचा, मग दोन्ही हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. आप्पासोंचं म्हणणं, अंग जड आहे, कस नाही. त्यांनी त्याला तालमीत घातलं. रोज सकाळी बैठका. दहापासून सुरू करून पन्नासपर्यंत नेल्या. पोरगा रडायचा, पाय दुखतात म्हणायचा. आप्पासो तेल लावून चोळायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा करायचे. दीड वर्ष हे चाललं. पन्नासाच्या तीस झाल्या, तिसाच्या बारा. मग एक दिवस तो बैठकीत खाली गेला तो वर आलाच नाही, तिथंच मातीत बसून राहिला.

कराडच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला फरशीवर बसवलं आणि "ऊठ बघू बाळा," म्हणाले. तो उठला, आपल्या त्याच पद्धतीनं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा उठायला लावलं. मग रक्ताची एक तपासणी लिहून दिली. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एक द्रव्य दोनशेच्या आत असायला हवं होतं. अठरा हजारांच्या वर निघालं. तेव्हा राजवर्धन सात वर्षांचा होता.

जयराज सीमेवर होता, म्हणून मिरजेला मी तिच्यासोबत गेले. आप्पासोही आले. मोठ्या दवाखान्यात राजवर्धनच्या मांडीतून मांसाचा बारीक तुकडा काढून घेतला, आणि दहा दिवसांनी अहवाल घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी क्रांतीला विचारलं, "तुम्ही विज्ञान शिकवता ना? काच बघायचीय का?"

आप्पासो पोराला घेऊन बाहेर बाकावर बसले होते. क्रांतीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "मी फळ्यावर लांब धागे काढते. पट्टे असलेले."

"हा आडवा छेद आहे. उसाची मोळी बुडख्याच्या बाजूनं बघितल्यासारखा. चांगल्या स्नायूत कांड्याला कांडं चिकटून बसलेलं असतं. इथं बघा, काही गोळे फुगलेत, काही सुकलेत. मधे पांढऱ्या मोकळ्या जागा दिसतात ती चरबी. फिकट गुलाबी दोरे आहेत ती तंतुमय संयोजी ऊती."

"म्हणजे पोटऱ्या..."

"हो. पोटऱ्या मोठ्या दिसतात त्या बहुतेक त्यानंच. स्नायू मरतो आणि शरीर ती जागा भरून काढतं. जागा भरते, पण ते भरलेलं आकुंचन पावत नाही. त्याला ओढता येत नाही."

"नवा स्नायू तयार होत नाही?"

"सुरुवातीला होतो थोडा. मग शरीर दमतं."

क्रांतीनं डोळा काढला नाही. तशीच वाकून एकेक विचारत गेली, जशी परीक्षेच्या आधी पोरांकडून उजळणी करून घ्यायची. कातडी? कातडीला काही होणार नाही. हाडं? चालणं थांबलं की ठिसूळ होतील, पण मूळ दोष तिथं नाही. मज्जातंतू?

"मज्जातंतू शाबूत आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याला सगळं कळेल. शेवटपर्यंत."

"आणि हृदय?"

"तोही स्नायूच आहे, मॅडम."

औषध होतं, पण ते वर्ष-दोन वर्षं पुढं ढकलणारं. बाराव्या वर्षापर्यंत चालेल, विशीच्या आसपास संपेल, असं त्यांनी न लपवता सांगितलं. आणि निघताना विचारलं, "तुमच्या माहेरी कुणा मुलाला असं झालं होतं? हा दोष बहुतेक वेळा आईकडून येतो. मुलींना सहसा त्रास होत नाही, मुलांना होतो."

परतीच्या एसटीत आप्पासोंनी विचारलं. त्यांना डॉक्टरांचं अर्धंच कळलं होतं, पण जेवढं कळलं ते नेमकं कळलं होतं.

"पोरी, त्या बैठकांनी वंगाळ झालं का?"

क्रांती खिडकीबाहेर बघत होती. "व्हायचंच होतं ते आप्पा," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "बैठकांनी थोडं लवकर झालं असेल. फाटलेला स्नायू भरून येत नाही त्याला."

त्यानंतर आप्पासो तालमीच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. पारावरही बसेनासे झाले. क्रांती मला म्हणाली, "मी खोटं बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य, ताई. मला काय झालं होतं बोलायला?"

त्याच आठवड्यात ती एकटी माहेरी जाऊन आली. तिची आई मनुबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. क्रांतीनं चहासुद्धा घेतला नाही.

"आई, ज्ञानूमामा कशानं गेला?"

"पायावरनं वारं गेलं म्हनायचे समदे. पोलिओ म्हनायचे. सतरा वर्साचा हुता."

"त्याच्या पोटऱ्या मोठ्या होत्या?"

मनुबाईचा हात थांबला. ती म्हणाली, "व्हय. आमच्या आईच्या भावाचं बी तसंच झाल्यालं, आसं ऐकून हुते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून तुला कुनी करून घेतली असती? मी देवाला हात जोडले, म्हटलं तुला पोरीच हुंदेत."

क्रांती ओरडली नाही, भांडली नाही. उठली आणि बसस्टॉपवर आली. पुढं सणासुदीला मनुबाई यायची तेव्हा तिला ताट वाढायची, अंथरूण घालायची, पण आपणहून एक शब्द बोलायची नाही. म्हातारी चार दिवस राहायची आणि निघून जायची.

राजवर्धन अकराव्या वर्षापर्यंत चालला, तेही घरातल्या घरात. शाळेला त्याला आप्पासो पाठीवर आणायचे. सत्तरी उलटलेला तो माणूस, पाठीवर नातू, हातात दप्तर. औषधानं पोराचा चेहरा सुजून गोल झालेला, वजन वाढलेलं. आम्ही कुणी मदतीला पुढं झालो तर आप्पासो नको म्हणायचे. वाटेत कुठं टेकायचेही नाहीत. एकदा शाळेच्या पायरीवर त्यांचा तोल गेला आणि दोघंही पडले. राजवर्धनच्या मांडीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते काढलं तेव्हा पाय उभं राहायचं विसरला होता. तो पुन्हा उभा राहिलाच नाही. चाकाची खुर्ची आली. ती ढकलायचं काम पल्लवीनं घेतलं, कुणी न सांगता. आप्पासो त्या दिवसापासून खुर्चीला हात लावत नव्हते.

कोरोनाच्या आधीच्या फेब्रुवारीत राजवर्धन नववीत होता, आईच्याच वर्गात. खुर्चीसाठी नववीचा वर्ग खाली आणला होता. वर्गात तो तिला इतरांसारखाच मॅडम म्हणायचा. ऊतींचा पाठ आला तेव्हा क्रांती मला म्हणाली, "दोन तास तुम्ही घेता का माझे? मी नंतर तुमचे घेईन." मी हो म्हटलं. पण तास सुरू व्हायच्या वेळी ती स्वतःच खडूंचा डबा घेऊन उठली. मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

तिनं फळ्याचे चार भाग केले. अभिस्तर शिकवली, संयोजी शिकवली. तिसऱ्या भागात काहीही न काढता ती चौथ्या भागाकडं वळली. चेतापेशीची आकृती काढायला लागली. पोरांना कळत होतं.

"मॅडम, तिसरी राहिली," राजवर्धन म्हणाला.

"पुस्तकात वाचा ती. सोपी आहे."

"मी सांगू?"

क्रांतीनं खडू खाली ठेवला.

त्याचा हात तेव्हा खांद्यापर्यंत वर जात नव्हता. मांडीवर हात ठेवूनच तो बोलला. "स्नायू ऊतीचे तीन प्रकार. हातापायांचे, ते आपल्या मनावर चालतात. पोटातले, ते आपल्याला न विचारता चालतात. आणि हृदयाचा, तो जन्मभर थांबत नाही. माझा पहिला प्रकार गेलाय. डास पायावर बसला की मला कळतं, म्हणजे चेता ऊती चांगली हाय. तो चावतो, रक्त निघतं, खपली धरते, म्हणजे पहिल्या दोन्ही चांगल्या हायत. फक्त डास हाकलायचा झाला तर कुणाला तरी हाक मारावी लागती." मग तो म्हणाला, "चारातल्या तीन चांगल्या असून उपयोग न्हाई, हे परीक्षेला येत न्हाई, पण लिहून ठेवा."

दोन-तीन पोरं हसली आणि मग वहीत लिहायला लागली. क्रांतीनं तिसऱ्या भागात आकृती काढली, तिन्ही प्रकारांची, पट्टे, केंद्रकं सगळं. तास संपेपर्यंत ती वर्गाकडं वळली नाही.

महिन्याभरात शाळा बंद झाल्या. दीड-दोन वर्षं तो घरात एका जागी राहिला आणि त्यात त्याचा कणा वाकला. एका बाजूला कलून बसायचा, त्या बाजूचं फुप्फुस दबायचं. खोकला काढायची ताकद छातीत राहिली नाही. साधी सर्दी झाली तरी क्रांती त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याबरोबर दाबायची, तेव्हा कफ सुटायचा. रात्री त्याला कूस बदलून द्यायला ती सहा-सात वेळा उठायची. श्वासाचं यंत्र आलं. जयराज तोपर्यंत निवृत्त होऊन घरी आला होता. त्यानं मोबाईलवर वाचलं होतं की परदेशात यावर एक इंजेक्शन निघालंय. तो कागदांची पिशवी घेऊन पुण्याला गेला, तिथून बंगळूरला. दोन्हीकडं सांगितलं, हे लहान मुलांसाठी आहे, चालणाऱ्या मुलांसाठी. तुम्ही उशीर केलात असं कुणी म्हणालं नाही, पण जयराजनं तेच ऐकलं. परत आला तो आप्पासोंशी बोलायचा बंद झाला. दीड वर्षं त्या तालमीत गेली, हे त्याच्या मनातून जाईना. इंजेक्शन तेव्हा निघालंच नव्हतं, असं क्रांतीनं त्याला तारखा लिहून दाखवलं. त्यानं कागद वाचला आणि घडी करून परत दिला.

आप्पासो दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात गेले. काही आजार नव्हता. जेवण कमी कमी करत गेले. शेवटच्या दिवसांत राजवर्धनची खुर्ची त्यांच्या खाटेशी लावायचे. एकदा मी भेटायला गेले होते. राजवर्धन त्यांना म्हणाला, "आप्पा, तुमी न्हाई काय केलं. माझ्या पेशीतच लिहिलेलं हुतं ते."

आप्पासो म्हणाले, "तू मनाचा मोठा हायस रं." आणि तोंड भिंतीकडं केलं. पोरानं खरं सांगितलं होतं, पण म्हाताऱ्याला ते समजूत काढल्यासारखंच वाटलं.

राजवर्धननं लेखनिक घेऊन बारावी केली. चांगले गुण पडले. बी.एस्सी.ला नाव घातलं, एकदाही कॉलेजला गेला नाही. दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला पल्लवी त्याला नाश्ता भरवत होती. "छातीत कसंतरी होतंय," म्हणाला. क्रांतीला शाळेतून बोलावून घेतलं. कराडच्या दवाखान्याकडं निघालेल्या गाडीत ती त्याच्या शेजारी बसली, हाताची नाडी धरून. कराडजवळच्या मलकापूरच्या अलीकडं नाडी लागेनाशी झाली. ड्रायव्हरला तिनं "सावकाश चला आता," एवढंच सांगितलं. एकोणीस वर्षांचा होता.

मातीला मनुबाई आली होती. ती क्रांतीच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली. क्रांतीनं तिचा हात बाजूला केला नाही, धरलाही नाही.

पल्लवी आता बावीस वर्षांची आहे. तिच्यातही तो दोष आहे का, हे बघायची तपासणी तिनं स्वतःच करून घेतली. आहे. मुलगा झाला तर निम्मी शक्यता. आता गरोदरपणात आधी तपासता येतं, पर्याय आहेत, असं डॉक्टरांनी समजावलं. स्थळं येत होती. क्रांतीनं प्रत्येकाला बैठकीतच सगळं सांगितलं, कागद पुढं ठेवून. पहिल्यांनी चहा ठेवून दिला. दुसऱ्यांनी चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं. तिसरा मुलगा शिकलेला होता, इंजिनिअर, त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, प्रश्न विचारले. क्रांतीला वाटलं, हा समजून घेईल. त्याच्या आईनं निघताना पल्लवीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. पन आमाला माफ करा." पुढं तालुक्यातच बोललं जायला लागलं. पल्लवी म्हणाली, "आई, आता सांगू नको कुणाला आणि बोलवूही नको कुणाला." तिनं सांगलीला नोकरी धरली. महिन्यातून एकदा येते.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. तरी अधूनमधून शाळेकडं चक्कर होते. नववीचं विज्ञान अजून क्रांतीकडंच आहे. मुख्याध्यापकांनी वर्ग बदलून देतो म्हटलं होतं, तिनं नको सांगितलं. एकदा मी विचारलं, मनुबाईकडं जातेस का? म्हणाली, "जाते. आम्ही दोघी बसतो. ती काही विचारत नाही, मी काही सांगत नाही. मला तिचं पटलेलं नाही, ताई. पण सांगून तरी माझ्या पोरीचं काय भलं झालं?"

 

जयराज दिवसभर शेतावर असतो. दोघं जेवतात, टीव्हीवरच्या बातम्या बघतात. दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेवरून जात होते तर स्टाफरूमचं दार उघडं दिसलं. क्रांती एकटी बसून पेपर तपासत होती. सुट्टीत कशाला आलीस म्हटलं, तर तिनं मान वर न करता सांगितलं, "घरी काय करू?" आणि पुढचा पेपर घेतला.